गोधडीखालचा वाडगा

"मा भाऊ, मेलेल्या माणसाला पत्र लिहू नये म्हणतात. पण जिवंतपणी तरी तुम्ही माझं कुठे ऐकलंत? तेव्हा आता ऐका. तुम्हाला जाऊन चार दिवस झाले, आज तुमच्या सुनेनं खोली आवरायला घेतली. गोधडीखाली भाताचा वाडगा तसाच होता. झाकण काढायची तिला भीती वाटली, म्हणून मला बोलावलं. खोलीची जमीन खालून तापवणारा बंब कोणी बंदच केला नव्हता. भात कोमट होता, भाऊ."

एवढं लिहून शेजारच्या योन-हीनं पेन खाली ठेवलं. जर्मनीत तीस वर्षं नर्स होती ती. शेकडो मेलेली माणसं पाहिलेली. पण त्या कोमट भातानं तिला हलवून सोडलं.

मा चुन-सॉप कोरियाच्या लढाईत चौदा वर्षांचे होते. आईनं उत्तरेत, बुकचॉन्गच्या धक्क्यावर त्यांना नावेत चढवलं. "तीनच दिवस रे, मग परत ये." दक्षिणेत सोकचोच्या वाळूवरची अख्खी वस्ती अशीच तीन दिवसांसाठी आलेली. मा भाऊंनी तिथं चाळीस वर्षं, पाण्यावर आडव्या बांधलेल्या तारेला धरून, माणसांचा तराफा या काठावरून त्या काठाला ओढला. आणि रोज संध्याकाळी, बाहेर गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा, आईच्या नावानं भात गोधडीखाली ठेवला.

बाकीच्यांनी एकेक करून हार मानली. ज्यांची मृत्यूची तिथी ठाऊक नाही, त्यांना नवव्या महिन्याच्या नवमीला पान वाढतात, तसं ते आपापल्या माणसांना वाढू लागले.

"अहो, म्हातारीची शंभरी उलटली असती एव्हाना!" कोणी म्हणे.

"मग? पोहत ये म्हणालोय का तिला?" मा भाऊ म्हणत.

गेल्या वसंतात गावाच्या सभागृहात जर्मनीहून रोस्विथाबाई आल्या. दोन जर्मनी एक झाल्या, त्यातून आपण काय शिकायचं ते सांगायला सोलच्या कुठल्याशा संस्थेनं त्यांना आणलं होतं. भाषांतराला योन-ही. साहेब लोकांनी खर्च विचारला, कारखाने विचारले. मागून मा भाऊ उठले.

"भिंत होती तेव्हा टपाल जायचं का?"

"जायचं की. दर नाताळला मी पलीकडे बहिणीला कॉफी धाडायचे."

"मग तुम्ही तुटलाच कुठे होतात!"

बाई म्हणाल्या, "कॉफीच धाडली हो. विचारायचं ते कधी विचारलंच नाही. भिंत पडल्यावर समोरासमोर बसलो, तर बोलायला कॉफीच उरली होती."

इथून जात नसलं तरी जर्मनीतून उत्तरेत पत्र जातं, मी टाकीन, असं त्या मा भाऊंना म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी बाईंची बस सुटायच्या आत मा भाऊ पाकीट घेऊन हजर. योन-हीनं ते उघडलं. पत्र आईलाच होतं. यंदा मासळी कमी आहे, माझे गुडघे दुखतात...

"भाऊ, हे काय? तिकडे राहिलेल्या तुमच्या धाकट्या भावाला लिहा. आई कधी गेली, सरळ विचारा."

"तिथी कळली की वाडगा बाहेर काढावा लागेल, नर्सबाई."

"आणि नाही विचारलंत तर? बाई काय बोलल्या, ऐकलंत ना? नीट लिहून आणा. बाईंचा पत्ता घेऊन ठेवते, मी धाडीन." तिनं पाकीट त्यांच्या हातात परत कोंबलं. बस गेली.

मग तराफ्यावर भेटले की तिचा एकच प्रश्न. "लिहिलं का?"

"येता-जाता माझा जीव खाऊ नका. तार धरा, ओढा!"

आज वाडगा उचलला तेव्हा खाली तेच पाकीट होतं. एक अक्षर बदललेलं नाही. उबेनं मऊ पडलेलं.

रोस्विथाबाईंचा पत्ता योन-हीच्या पर्समध्ये आहे. टपाल कचेरी पाच मिनिटांवर. दुपारपासून तिनं दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. पलीकडून उत्तर आलं, तर ते न्यायचं कोणाकडे?