पाटीवरची मगर

अक्काच्या शेजारच्या भाभींचा लातूरहून फोन आला तेव्हा नांदेडला मी चहा गाळत होते. "बाई, जल्दी निघा. अक्का उठेना झाल्यात," एवढंच त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी गॅस बंद केला, परत चालू केला, परत बंद केला. लातूरच्या वाटेवर स्वतःलाच समजावत होते, साखर कमी झाली असेल, गोळीनं गुंगी आली असेल... अक्का झोपेतच गेली होती. त्याला आता महिना होऊन गेला. माणसं म्हणतात, भाग्याचं मरण आलं. मला ते ऐकलं की राग येतो. जन्मभर मी तिच्यासाठी घाबरत आले, आणि ज्या सकाळी घाबरायला हवं होतं त्या सकाळी निवांत चहा गाळत होते!

अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव निलंग्याकडचं. आई लवकर गेली, त्यामुळं माझी वेणी, माझी शाळा, माझं लग्न, सगळं तिनंच बघितलं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ती नर्स म्हणून तिथं बदलून आली आणि तिथलीच झाली. "जिल्हा झालाय, आता नळाला रोज पाणी येतंय बघ," असं मला मोठ्या तोऱ्यात सांगायची. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या उन्हाळ्यात, पेन्शनीतली अक्का घागरी घेऊन टँकरपुढं उभी राहत होती. तिचा मुलगा मिलिंद ऑस्ट्रेलियात नोकरीला. त्यानं ते फोनवर बघितलं आणि आम्हा दोघींची तिकिटं काढली. मी कशाला? तर अक्का म्हणाली, "धाकटी येत असंल तर येते, न्हाईतर न्हाई." मला विमानाची भीती, पाण्याची तर विचारूच नका. पण हिला एकटी सोडायची भीती त्याहून मोठी, म्हणून गेले.

मिलिंदनं कॅराव्हॅन भाड्यानं घेतली होती. कॅराव्हॅन म्हणजे कारमागं जोडलेली चाकांवरची खोली. ओटा, पलंग, मोरी सगळं आत. समुद्राच्या कडेकडेनं वर उत्तरेला जायचं, नदीकाठच्या गावांत मुक्काम करायचा. रस्ते इतके रिकामे की मला धास्तीच वाटायची, माणसं गेली कुठं सगळी? मी जीव मुठीत धरून मागं बसायचे. अक्का पुढं बसून मिलिंदला विचारायची, "ही नदी बारमाही हाय का रं?" "हो आई." "अन् ही?" "ही पण." मग ती पूल संपेपर्यंत मान वळवून पाणी बघत राहायची.

त्या खोलीच्या पोटात पाण्याची टाकी होती आणि अक्काचा सगळा जीव त्या टाकीत. पुढच्या गावात भरून मिळते, असं मिलिंद कानीकपाळी ओरडला. ती ऐकेल तर शपथ! तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी झाडाला. झाड तिच्या ओळखीचं नसलं तरी चालायचं.

एका मुक्कामी नळ नव्हता. समोर मात्र नदी, पानगळीनं तपकिरी झालेली, काठोकाठ भरलेली. काठावर पिवळी पाटी, तीवर जबडा वासलेल्या मगरीचं चित्र. मिलिंदनं बजावलं, पाण्याजवळ जायचं नाही. अक्का माझ्या कानाशी लागली, "लई पाट्या बघितल्यात मी. नळयोजनेची पाटी लावली म्हणून आपल्याकडं कधी पाणी आलं का? तशीच ही मगर."

मिलिंद कार घेऊन गावात ब्रेड आणायला गेला. मी भात टाकला, मागं वळून बघते तर अक्का नाही. बादली पण नाही. दारात आले तर ही बया लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी! मी तिला दोष तरी काय देऊ... काठचं गढूळ सोडून जरा आत जायचं, बादलीच्या बुडानं वरची घाण सारायची आणि मग भरायचं, हीच आमच्याकडची रीत. लहानपणी मांजरा नदीवर तिनंच मला ती शिकवली होती. पलीकडच्या धक्क्यावरून एक गोरा माणूस दोन्ही हात हलवून बोंबलत होता. अक्कानं बादली बगलेत धरली आणि त्याला हात जोडून मोठ्यानं "जयभीम" घातला.

तिच्यापासून थोड्या अंतरावर एक ओंडका तरंगत होता. मी बघत होते तोवर तो आवाज न करता पाण्याखाली गेला. ओंडका असा बुडत नाही, एवढं मला कळत होतं. मग काय झालं मला, देव जाणे. मी, जिला हौदाची भीती वाटते, ती चपलांसकट पाण्यात गेले, अक्काचा पदर धरला आणि खस्सकन ओढली. ती चिखलात बसली तशीच फरफटत काठावर आणली. "अगं बादली! माझी बादली गेली की!" ती ओरडत राहिली. बादली तरंगत चालली होती. तिच्या शेजारी पाणी दुभंगलं आणि दोन डोळे वर आले... खोलीच्या पायरीवर बसून अक्का म्हणाली, "माझे पाय बघ गं. दोन्ही हायेत का?"

त्या दिवसापासून प्रवासभर मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. आंघोळीला गेली तरी बाहेर उभी राहून मी "अक्का?" म्हणायचे. आतून उत्तर यायचं, "हाय गं, हाय मी." घटकाभरानं परत "अक्का?" आणि परत "हाय गं, हाय मी." परत आल्यावर लातूरला तिच्याकडं मुक्कामाला गेले तरी ते सुटलं नाही. "मोरीत कुठली मगर येती?" म्हणून ती चिडायची, पण उत्तर दिल्याशिवाय कधी राहिली नाही.

अक्काच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. तिच्या घरात मी आणि ऑस्ट्रेलियातून आलेला मिलिंद, दोघंच उरलो. सकाळी मी तिच्या न्हाणीत गेले आणि पाणी अंगावर घ्यायचं विसरून नुसतीच बसून राहिले. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेरून हळूच मिलिंदचा आवाज आला. "मावशी?" त्यानं दार वाजवलं, आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "मावशी, आहेस ना गं?"

"हाय रे," मी म्हटलं, "हाय मी."

बाहेर तो रडायला लागला, तसं मी पाणी अंगावर घेतलं.