विहिरीची बाटली

इंदूरच्या कापडमिल्स एकेक करून बंद पडल्या आणि नदीचा रंग गेला. आधी ती कधी निळी वाहायची, कधी लाल. त्या दिवशी रंगखात्यात जे कापड असेल तशी. मग पाणी नुसतं मातकट दिसायला लागलं, आणि काठचे भाजीवाले म्हणायला लागले, नदी साफ झाली.

मी तेव्हा महूहून रोज बसने यायची. पलासियातल्या एका छोट्या संस्थेत नोकरी लागली होती. शेतातल्या भाजीतून लोकांत रोगराई पसरू नये, म्हणून शेतकऱ्यांना समजावत फिरायचं.

नदीकाठी एक जोडपं भेटलं. नवरा रंगखात्यातला. मिल गेल्यावर पिकाच्या वाट्यावर, बटाईने जमीन घेऊन पालक-मुळा लावत होता. बायको काठावर उकिडवी बसून मुळे धूत होती. मी सांगितलं, रंग गेला तरी नव्या कॉलन्यांचा सगळा मैला यातच येतो, आणि मुळा लोक कच्चा खातात.

"मग कुठे धुवू, ताई?" तिने विचारलं.

शेताच्या कडेला जुनी विहीर होती. मी वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं.

"इथे धुवा. हे चांगलं आहे."

पिशवीत नमुन्याच्या बाटल्या होत्या. नदीची एक भरली. विहिरीची भरायची राहिली. बस गाठायची होती.

पुढच्या खेपेला तिने मला तळहातावरचे फोड दाखवले, जरा अभिमानानेच. सगळी भाजी ती दोरीने पाणी ओढून धूत होती. "प्यायलापण हेच घेतो आता," ती म्हणाली. "पहले कॉलनीच्या नळावरून हंडे आणायला लागायचे." मला बरं वाटलं. ऑफिसात जाऊन मी तसं लिहूनही टाकलं.

त्यानंतर गेले तेव्हा तो बांधावर एकटाच बसला होता. डोकं भादरलेलं.

"उलट्या-जुलाब. दोन दिवसांत गेली."

त्या दिवशी मी विहिरीची बाटली भरली. रिपोर्ट आला. नदीत जे होतं तेच विहिरीत होतं, जमिनीतून झिरपलेलं.

संस्थेचे सर म्हणाले, हँडपंपाचं बघू, त्याला बाकी सांगायची गरज नाही. मी जाऊन सांगितलं. विहीर न तपासता बोलले होते, हेही सांगितलं.

"पाणी तर मीपण पाहिलं होतं, ताई. साफ दिसत होतं." मग हळूच म्हणाला, "तिला पाण्याचा वास यायचा. म्हणायची, कुछ तो है. मीच म्हटलं, ताईंनी सांगितलंय."

त्या बाईचा आवाज मला नीट आठवत नाही. पण सुदामा नगरच्या बाजारात ठेल्यावर ओले मुळे दिसले की त्यांच्यामागे ती बसलेली असते, मान खाली घालून. मी दुसऱ्या गल्लीने जाते. इतक्या वर्षांनीही.

संस्थेने खटपट करून वरच्या अंगाला हँडपंप बसवला. या वेळी पाणी दोनदा तपासून घेतलं. रिपोर्ट घेऊन मी गेले, तेव्हा त्याने पंप हापसला, स्टीलचा गिलास भरला आणि माझ्यासमोर धरला.

"पहले तुम्ही."

मी प्यायले. पाणी संपेपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मग गिलास घेतला, विसळला आणि स्वतःसाठी भरला.