आडवे डॉक्टर

डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते त्यांच्याच केबिनमध्ये सतरंजीवर उताणे पडले होते, पाय खुर्चीवर. चक्कर आली असं समजून मी पाणी आणायला वळले, तर खालूनच आवाज आला, "बसा ताई. माझीपण कंबर दुखते. तुम्ही बोला, मला झोपूनही ऐकू येतं." मणक्याच्या ऑपरेशनांसाठी ते नाशिकमध्ये नावाजलेले. पेशंट मात्र त्यांना 'आडवे डॉक्टर'च म्हणत.

मी द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. हंगामात दिवसभर फरशीवर उभं राहायचं. त्या वर्षी दुपारनंतर टेबलाला टेकल्याशिवाय उभंच राहवेना. मालकांनी गोडीतच सांगितलं, "झेपणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसरी बाई बघतो." म्हणून हंगामाआधी ऑपरेशन उरकायचं मी ठरवलं. रजा, मुलीचे डबे, दवाखान्यात सोबत कोण, सगळं लावून मगच मी डॉक्टरांकडे गेले होते.

बाहेरच्या बाकांवर पेशंटांचा एक उद्योग चाले, एकमेकांचे एमआरआय रिपोर्ट वाचायचा. रिपोर्ट घेऊन मी पुन्हा गेले तेव्हा चांदवडचे एक काका माझा कागद बघून म्हणाले, "मणक्याची एकच गादी? माझ्या तीन गेल्या. तरी कांद्याच्या गोण्या उचलतो."

"मग इथं कशाला आलात?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"सुनेनं आणलं. लय ओरडती."

डॉक्टर दारात येऊन ऐकत होते. "काका, तीन विषय गेले म्हणून कुणी असं मिरवतं का?" काकांसकट सगळे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. रिपोर्टात एकच गादी खराब निघाल्यापासून घरच्यांनाही माझं दुखणं मनाचंच वाटायला लागलं होतं. मला आत बोलावून परत सतरंजीवर आडवे होत डॉक्टरांनी विचारलं, "ठिबकच्या बागेत द्राक्षाची मुळी कुठं जाते?"

"पाणी पडतं तिकडं."

"तसंच. चांगल्या गादीच्या आत नसा नसतात, फक्त कडेला असतात. गादी झिजली की तिच्यातून एक प्रथिन पाझरतं, आणि नसा त्याच्या मागे आत वाढत जातात. काकांच्या तीन गाद्यांत त्या शिरल्या नसतील, तुमच्या एकीत शिरल्या असतील. फोटोत ते दिसत नाही. दुखणं मात्र खरं असतं."

ते शेवटचं वाक्य ऐकून माझे डोळे भरून आले. पण मी लगेच कामाचं विचारलं, "मग ते पाणी बंद करा की."

"तशी औषधं करून बघितली लोकांनी. काहींना आराम पडला, पण काहींचे सांधे भराभर झिजले. म्हणून ती देता येत नाहीत."

"मग ऑपरेशनची तारीख द्या."

"नाही देणार. तुमची नस दाबलेली नाही. पायातली ताकद गेली, लघवीचं भान सुटलं, तर तडक या, त्याच दिवशी करतो. नुसत्या कंबरदुखीसाठी नाही."

"डॉक्टर, माझी नोकरी जाईल!"

ते हळूच उठले आणि मला पॅकिंगला उभी राहते तशी उभी राहून दाखवायला लावलं. मग एक पाय उपड्या क्रेटवर ठेवायचा, पाय बदलत राहायचं, मधेमधे चालायचं, रोज व्यायाम करायचा आणि झोपून राहायचं नाही, असं सांगितलं. "मालकांनी विचारलं तर माझं नाव सांगा," म्हणाले. त्यांचा मला तेव्हा रागच आला होता.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. नंतर एकदा दिवसाचा शेवटचा कंटेनर भरला तेव्हा लक्षात आलं, आज आपण टेबलाला टेकलोच नाही. दुखत होतं, पण कामाच्या आड येत नव्हतं. मालकांनी दुसऱ्या बाईचं नाव परत काढलं नाही. पुढच्या हंगामासाठी कामाला बायका मीच ठरवल्या.

मे महिन्यात हे सांगायला गेले, तर कळलं, डॉक्टरांनी ऑपरेशनं सोडली. टेबलापाशी तासन्‌तास उभं राहणं त्यांना आता जमत नव्हतं. माझं काम टिकलं आणि त्यांचं सुटलं, हे मला कसंतरीच वाटलं.

"मग माझ्यावर वेळ आली तर कुणाकडे जायचं?" मी विचारलं.

त्यांनी शेजारी बसलेल्या तरुण डॉक्टरकडे बोट केलं. "याच्याकडे. हात माझ्यापेक्षा चांगला आहे. 'नाही' कधी म्हणायचं, तेवढं शिकवतोय."

तरुण डॉक्टर लाजून हसला. माझी फाइल त्याच्यापुढे सरकवत डॉक्टर म्हणाले, "विचार यांना, त्या दिवशी किती चिडल्या होत्या माझ्यावर."

मी खुर्ची ओढली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले.