मालिकेतला गणपती आणि आमचे व्याही

प्रथम वार आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला शब्द फिरवता येणार नाही. ज्येष्ठातला मंगळवार : दूरचित्रवाणी मालिकेच्या व्यवस्थापकाने पेणला येऊन, "आमच्या मालिकेत गणपती बसणार आहे," एवढेच सांगून शाडूची मूर्ती मागितली, तिचे पुढे काय होणार हे लपवले, जबाबदार, तो व्यवस्थापक. बुधवार सकाळ : रोह्यापलीकडे, अष्टमीतल्या भाड्याच्या बंगल्यात खऱ्या गुरुजींकडून खऱ्या मंत्रांनी त्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करवण्यात आली, जबाबदार, दृश्य 'अस्सल' हवे असा हट्ट धरणारा दिग्दर्शक. बुधवार दुपार : तीच मूर्ती फरशीवर आपटून फोडण्याची तयारी, जबाबदार, पटकथालेखक, जो त्या वेळी मुंबईत होता म्हणून वाचला. आणि त्यानंतर जे घडले त्याला जबाबदार एकच इसम, माझे व्याही. देवांची बाजू इतक्या चोखपणे सांभाळणारा दुसरा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. तेहतीस वर्षे मी दिवाणी न्यायालयात कारकुनी केली आहे. पुरावा पाहिल्याशिवाय विधान करण्याची मला सवय नाही.

व्याह्यांचा मूर्तींचा कारखाना पेणला रामवाडीत आहे आणि माझी मुलगी त्या घरी दिलेली आहे. मूर्ती घडवणारे, रंगवणारे हात अनेक असतात, पण डोळे सर्वांत शेवटी आणि एकाच हाताने काढायचे असतात. त्याला तिथे आखणी म्हणतात. ही आखणी व्याह्यांनी जन्मभर केली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांनी कोणाशी चर्चा केली नाही. कुंचला धुतला, मुलाच्या हाती दिला आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. तेव्हापासून पडद्यावरच्या देवांची तपासणी हे त्यांचे काम, आणि तपासणीचा अहवाल संबंधितांना लेखी कळवणे हे माझे.

धार्मिक मालिका ते आंघोळ करून पाहतात. देव समोर असताना सोफ्यावर बसायचे नसते म्हणून पाट मांडतात. जाहिराती लागल्या की सोफ्यावर आडवे होतात, देव परतले की पुन्हा पाटावर उतरतात. अर्ध्या तासात हा चढउतार इतक्या वेळा होतो की त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना कळले तर ते मालिकेवर मनाई हुकूम मागतील. एकदा पडद्यावर शंकर अवतरले. पोटावरचे स्नायू मोजून घ्यावेत असे. व्याह्यांनी तत्क्षणी मला फोन लावला. "व्याहीबुवा, ह्यो देव रोज जिमला जातो. मंग ध्यानाला बसतो कवा?" दुसऱ्या एका मालिकेतल्या नायिकेने आरतीचे तबक उलट्या दिशेने ओवाळले, तेव्हा ते उठून पडद्यासमोर स्वतःचा हात सुलट फिरवत राहिले, पोरीला दोष लागू नये म्हणून. वाऱ्याने समई विझली की पुढच्या भागात घरातल्या वडीलधाऱ्या बाईने अंथरूण धरायचे, असा मालिकावाल्यांनी नवाच शास्त्रार्थ काढला आहे. व्याह्यांनी तो प्रत्यक्ष प्रयोगाने तपासला. पंख्याखाली समई ठेवली, ती विझली, आणि सात दिवस विहीणबाईंवर नजर ठेवली. आठव्या दिवशी विहीणबाई कडाडल्या, "अवो, माझ्याकडं काय बघताव? मी काय मरत नाय. बाजारातनं नारळ आणा आधी!" हा निष्कर्ष वाहिनीला रजिस्टर पोस्टाने कळवण्यात आला.

मी स्वभावाने तापट आहे. अशा मालिकांवर बंदीच आणावी, असा मसुदा मी एकदा तयार करून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "बंदी नको. देवाला सगळ्यांनी काढावं. फक्त नीट काढावं." तो मसुदा मी फाडला. माझ्या आयुष्यात फाडलेला तो एकमेव मसुदा.

आता त्या मंगळवाराकडे येतो. व्यवस्थापकाला मूर्ती त्याच दिवशी हवी होती. एक रंगवून तयार होती, पण डोळे व्हायचे होते आणि माझे जावई टेम्पो घेऊन मुंबईला गेले होते. मुलगी सांगते, मामंजींनी कारखान्याचे दार लोटून घेतले, डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले, आणि दोन वर्षांनी दोन डोळे काढले. दार उघडले तेव्हा घामाने सदरा भिजला होता, पण रेघ हललेली नव्हती. ती मूर्ती त्यांनी हमालांकडे दिली नाही. कोलाडपर्यंतचे सगळे खड्डे स्वतःच्या मांडीवर झेलत त्यांनी ती अष्टमीला आणली आणि मुक्कामाला तिथेच आमच्या घरी उतरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे चित्रीकरण पाहायला गेलो. गुरुजी रोह्याचे, अतिशय काटेकोर. दिग्दर्शक 'कट' म्हणाला तरी ते थांबेनात. दूर्वांनी देवाच्या डोळ्यांना तूप लावले, हृदयाला हात लावून मंत्र म्हटले, एक अक्षर गाळले नाही. व्याही हात जोडून उभे होते. आपल्या हातचे डोळे असे सर्वांदेखत उघडलेले पाहून त्यांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा झाला होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर व्यवस्थापक त्यांच्याजवळ आला आणि आपुलकीने विचारू लागला, "काका, मूर्ती शाडूचीच आहे ना? आता धाकटा दीर चिडून आपटणार आहे. एका फटक्यात फुटेल ना? आमच्याकडे दुसरी नाही."

व्याही चौरंगापुढे गेले आणि मांडी घालून बसले.

"काका, तुम्ही फ्रेममध्ये बसलात!" दिग्दर्शक ओरडला.

"मी फ्रेममदी नाय बसलो. देवापुढं बसलोय."

"अहो, हे शूटिंग आहे. खरं काही नसतं यात."

"मंग खोटे मंतर म्हणायचे व्हते. सकाळपर्यंत ती माती व्हती. तवा फोडली असती तर मी दुसरी करून दिली असती. आता त्यो देव हाय."

दिग्दर्शकाने गुरुजींना पानावरून उठवून आणले आणि विचारले, "गुरुजी, सकाळचा विधी आपला शूटिंगपुरताच होता ना?" गुरुजींचा चेहरा लाल झाला. "माझ्याकडे शूटिंगपुरता विधी नसतो." मग त्याने विचारले, उलटा एखादा मंत्र नाही का? "उत्तरपूजा आहे. ती उद्या. बसलेला देव दीड दिवस बसतो." "आणि उत्तरपूजेनंतर फोडला तर?" यावर व्याही मागे न वळता म्हणाले, "उत्तरपूजेनंतर देव पाण्यात जातो. फरशीवर नाय."

इथे मी पुढे झालो. पिशवीत कोरे कागद आणि कार्बन मी कायम बाळगतो. उभ्या उभ्या नोटीस लिहिली आणि मोठ्याने वाचली : की प्राणप्रतिष्ठा झालेल्या देवतेस आपला कायदा व्यक्ती मानतो, की सदर व्यक्तीस तिचे म्हणणे न ऐकता इजा करता येणार नाही, की तिच्या वतीने तिचे डोळे आखणारा इसम येथे जातीने हजर आहे, आणि की पवित्र वस्तूच्या विटंबनेबद्दल दंडसंहितेत स्वतंत्र कलम आहे. दीड दिवसाच्या शाडूच्या मूर्तीला यातले पहिले तत्त्व लागू होते की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. मला ते माहीत होते. दिग्दर्शकाला नव्हते.

"तुम्ही वकील आहात का?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो, "वकिलांचे चुकलेले अर्ज परत करणारा होतो."

पण खरे सांगायचे तर लढाई माझ्या नोटिशीने जिंकली नाही. धाकट्या दिराचे काम करणारा नट, राक्षसासारखा आडवातिडवा, कोपऱ्यात उभा होता. त्याने चिकटवलेली मिशी ओढून काढली आणि म्हणाला, "सर, माझ्याने नाही होणार. माझी आई ही मालिका बघते." आणि तो व्याह्यांशेजारी मांडी घालून बसला. मग रंगभूषा करणारी बाई बसली. दिवे लावणारे बसले. शेवटी दिग्दर्शक एकटा उभा राहिला, आणि एवढ्या बसलेल्या माणसांत एकटे उभे राहणे कोणालाच फार वेळ जमत नाही.

त्या संध्याकाळी अष्टमीत जी आरती झाली तशी भाद्रपदातही होत नाही. झांजा आमच्या घरच्या, आवाज मुंबईचा. मोदक आमच्या सौभाग्यवतींनी केले आणि ते वळायला मालिकेतली दुष्ट सासू येऊन बसली; तिच्या कळ्या सर्वांत रेखीव निघाल्या. गुरुवारी संध्याकाळी भर ज्येष्ठात मिरवणूक निघाली. दारात उभी असलेली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "अगो, यंदा गणपती इतक्या लवकर कसे काय गो?" शेजारीण म्हणाली, "टीवीवाल्यांचे हायेत गो ते. त्यांचं समदंच आधी व्हतं!" मूर्ती होती खलनायकाच्या, म्हणजे त्या धाकट्या दिराच्या, डोक्यावर. कुंडलिका नदीत उतरताना त्याने व्याह्यांकडे पाहिले, व्याह्यांनी देवाच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि मान हलवली.

भाद्रपदात तो भाग लागला. रामवाडीतली निम्मी वस्ती कारखान्यात जमली होती. उत्तरपूजेनंतर, विसर्जनाआधी चित्रित केलेले ते दृश्य बदललेले होते : खलनायक मूर्ती उचलतो, आपटणार, एवढ्यात त्याची नजर तिच्या डोळ्यांवर पडते आणि त्याचे हात खाली येतात. ते डोळे संपूर्ण पडदा भरून तीनदा दाखवले, तिन्ही वेळा ढगांच्या गडगडाटासह. एरवी या गडगडाटाविरुद्ध मी लिहीत आलो आहे. त्या दिवशी चौथ्यांदा झाला असता तरी माझी हरकत नव्हती. लोकांनी टाळ्या पिटल्या. विहीणबाईंनी व्याह्यांच्या तोंडात पेढा कोंबला. ते तोंड भरलेले असतानाच माझा दंड धरून म्हणाले, "व्याहीबुवा, डावा डोळा बघा. केसभर हललेला नाय."

त्यानंतर त्यांनी आणखी एका मूर्तीवर हात धरून पाहिला. नाही जमले. कुंचला पुन्हा मुलाकडे गेला. म्हणजे त्यांनी काढलेले शेवटचे डोळे कुंडलिकेत विरघळले, आणि उरले ते फक्त त्या भागात.

त्या भागाच्या अखेरीस वाहिनीने नावांची यादी दाखवली. केशरचना कोणाची, साड्या कोणी पुरवल्या, गाड्या कोणी चालवल्या, सर्व आले. ज्या डोळ्यांपुढे खलनायकाचे हात खाली आले, ते आखणाऱ्याचे नाव नाही. व्याही म्हणतात, "ऱ्हाऊ द्या. देवाच्या पायाशी कोण सही करतो काय?" मला हे मान्य नाही. या संपूर्ण लेखात मी त्यांचे नाव लिहिलेले नाही, ते मुद्दाम. ते लिहिणे माझे काम नव्हे, वाहिनीचे आहे. सबब, ते डोळे कोणी आखले, या एकाच प्रश्नाचे उत्तर सदर वाहिनीने पडद्यावर, सर्वांसमक्ष, ठळक अक्षरांत द्यावे. उत्तरास फार विलंब लावू नये. व्याह्यांची नजरही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि ते नाव त्यांना स्वतःला वाचता आले पाहिजे.