एलर्जी हा शब्द न सोसणाऱ्या बाई

एलर्जी हा शब्द कोणी सहज उच्चारला की आमच्या कोडवाल्या बाईंचं डोकं फिरायचं. एकदा कँटीनमध्ये मी म्हटलं, "मला सोमवारची एलर्जी आहे." बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "अंगावर पुरळ उठतं? ओठ सुजतात? श्वास लागतो? नाही ना? मग आळस म्हणा." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

सुरतेच्या ज्या धर्मादाय रुग्णालयात मी बिलांचं काम बघते, तिथे बाई शेजारच्या टेबलावर बसत. पेशंटचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, उपचाराला ठरलेला कोड लावायचा, हे त्यांचं काम. बाळाला लस दिली नसेल तर का दिली नाही, त्यालाही कोड असतो. यजमान बँकेत होते, त्यांच्या बदलीबरोबर बाई साताऱ्याहून सुरतेला आल्या आणि इथल्याच झाल्या. गुजराती स्टाफ त्यांना 'कोडवाळां बेन' म्हणे, आम्ही मराठी माणसं नुसतंच बाई.

"दिलेली सुई एकदाच टोचते," त्या म्हणत, "न दिलेलीचं कारण पोराच्या मागे जन्मभर लागतं." एलर्जीचा शिक्का बसला की पुढचा कोणताही डॉक्टर त्या बाळाला हात लावायला धजत नाही, म्हणून डॉक्टरांनी नुसतं 'एलर्जी' लिहिलेली फाइल त्या सरळ परत पाठवत. कशाची, कधी, काय झालं, कोणी पाहिलं? बालरोग विभागाचे डॉक्टर वैतागून म्हणाले, "बेन, तमे तो वकील छो!" बाई म्हणाल्या, "वकील बरा. त्याला विचारायची फी तरी मिळते." पण एका बाळाला लस दिल्यावर खरोखरच श्वास लागला, तेव्हा त्याच्या फाइलीवर लाल पट्टी चिकटवायला बाई स्वतः वॉर्डात गेल्या आणि आईकडून लशीचं नाव तीनदा वदवून घेतलं. तोंडाने फटकळ होत्या. कंत्राटावर आलेल्या मुली त्यांच्या टेबलाकडे जाताना देवाचं नाव घेत.

आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक गोडादरा, लिंबायत या वस्त्यांतल्या. नवरे कापडाच्या लूमवर, मूळ गाव खानदेशात. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला की या लेकी माहेरी जाणार म्हणजे जाणारच. तान्ही पोरं कडेवर घेऊन जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, आणि पोरांची सुई चुकते. पूर्वी कागदावर 'गावी गेले' असं लिहिलं की काम भागत होतं.

मग कॉम्प्युटर आला, आणि नेमक्या त्याच वेळी बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. जुने कागद भरायला बसलेल्या मुलींची पंचाईत झाली. लस का दिली नाही, याचं कारण निवडल्याशिवाय मशीन पुढे सरकेना, आणि दिलेल्या कारणांत 'गावी गेले' नव्हतंच. सगळ्यात वर एलर्जी होती. त्यांनी ती दाबली आणि पुढे गेल्या.

बाई काठी टेकत परत आल्या आणि पहिल्याच आठवड्यात ओरडल्या, "एवढ्या पोरांना एकाच वेळी एलर्जी? तीही ऐन आखाजीत?" मी म्हटलं, एकदम सगळं पुसून टाका. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्यात एक खरी निघाली तर?"

म्हणून त्या एकेका आईला फोन करायला लागल्या. सातारी तोंडाने अहिराणी बोलत. "ताई, आखाजीले गाव गयथात ना?" पलीकडून हसू यायचं, "हाव बाई, माहेरले गयथू." की बाई पोराची एलर्जी पुसायच्या, त्याला सुईला बोलवायच्या. आम्ही त्यांची नक्कल करायचो. सगळ्या नोंदी दुरुस्त झाल्या, एक दिव्या राहिली. गोडादऱ्यातली, पहिलीच सुई चुकलेली. तिच्या आईचा फोन बंद. एका रविवारी बाई रिक्षा करून तो पत्ता शोधत गेल्या. शेजारीण म्हणाली, "त्या तं कडोदरा बाजूले निंघी ग्यात." कडोदऱ्यात कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, बाई, ही एक पुसाच. त्या म्हणाल्या, "आईला विचारल्याशिवाय नाही."

वर्षभराने दिव्या आली ती घटसर्प घेऊन. मान सुजलेली, श्वास घशात अडकलेला. त्या रविवारनंतर, बाईंच्या नकळत, खिडकीवर आमच्याच मशीनमधून काढून दिलेला कागद तिच्या आईने जपून ठेवला होता आणि कडोदऱ्याच्या दवाखान्यात दरवेळी इमानाने दाखवला होता. त्यावरची एलर्जी वाचून तिथे कोणीच सुई दिली नव्हती. डॉक्टरांनी शर्थ केली. पोर वाचली नाही.

तिचे कागद कोड लावायला बाईंच्याच टेबलावर आले. वरच्या साहेबांनी हळूच सांगितलं, "बेन, एलर्जी लिखा है तो रहने दो. अपने लिए ठीक है." बाईंनी ते ऐकलं, आणि त्यांच्यासमोरच एलर्जी काढून टाकली.

मृत्यूचा दाखला न्यायला दिव्याची आई आली. अगदी कोवळी होती, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि काही लपवलं नाही. मशीनचं सांगितलं, मुलींचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "पुसणं माझ्या हातात होतं. मी पुसलं नाही."

ती चिडेल, रडेल असं मला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "मंग तिले एलर्जी व्हतीच नही?"

"नव्हती."

"सालभर तिले मी शेंगदाना बी खाऊ दिधा नही," ती म्हणाली. "हात पुढे करे ती, की मी मारू तिले."



दुसऱ्या दिवशी बाईंचा राजीनामा आला. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. आता नाशिकला मुलाकडे असतात. मी फोन करते, त्या तब्येतीचं, सुनेचं बोलतात. दिव्याचं नाव मी काढत नाही, त्याही काढत नाहीत. मला बाईंची फार आठवण येते. पण आठवण आली की त्यांचा चेहरा दिसत नाही. टेबलासमोर बसलेली ती पोरगेली आई दिसते, आणि तिच्यापुढे पसरलेला एक लहान हात.