टेबलावरच्या काळ्या पट्ट्या

पार्लरमधल्या बायकांनी त्याचं नाव ठोक्या ठेवलं होतं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. आई-वडील दोघेही कामावर, म्हणून शाळा सुटली की स्वारी थेट आत्याच्या पार्लरमध्ये. परगावी निघालेल्या एका गिऱ्हाइकाने आपला जुना पियानो फुकटात आत्याच्या गळ्यात मारला होता. त्याला जागा करायला आत्याने एक आरसा आणि एक खुर्ची काढून टाकली, म्हणजे एका वेळी एक गिऱ्हाईक कमी. वर पोराचं तेच ते ठोकणं. डोक्याला कलप लावून ताटकळलेल्या बायका वैतागायच्या, काही जणी तर पुन्हा फिरकल्याच नाहीत. उरलेल्यांना आत्या सांगायची, कानात कापूस देते, पण त्याला थांबवायला सांगू नका.

आता त्याच ठोक्याची चित्रं मोठमोठ्या सभागृहांच्या दारांवर लागत होती. काळा कोट, उडवलेले केस आणि चेहऱ्यावर जगाचं ओझं. चित्राखाली न चुकता टेबलाची गोष्ट असायची.

ती गोष्ट जन्माला आली पहिल्या मोठ्या स्पर्धेनंतर. सराव कुठे करायचास, असं एका पत्रकार बाईंनी विचारलं. त्याच्या आधीच्या मुलीने घरातल्या संगीताच्या खोलीचं साग्रसंगीत वर्णन केलं होतं. ठोक्याच्या तोंडून पार्लर हा शब्द काही केल्या निघेना. शाळेतली मुलं त्याचं डोकं हुंगून, आज कोणता शाम्पू, म्हणून चिडवायची, ते आठवलं असेल. तो म्हणाला, आमच्याकडे पियानो नव्हता, टेबलावर पट्ट्या काढून वाजवायचो. अगदीच थाप नव्हती ती. पियानो दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता, तेव्हा थोडे दिवस त्याने तसं केलंही होतं. पण बाईंचे डोळे पाणावले आणि पठ्ठ्याला चटक लागली. मुलाखतीगणिक गोष्टीला तिखटमीठ लागत गेलं. आमंत्रणं बोटांमुळे येतात की टेबलामुळे, हे पुढे पुढे त्याचं त्यालाच कळेना. आत्यासमोर जायची लाज वाटायची, म्हणून तो फोनवरच भागवू लागला.

मग त्याच्या स्वतःच्या गावात कार्यक्रम ठरला, आणि एका टीव्हीवाल्या बाईंना ते टेबल बघायचं होतं. ते कधीच मोडीत गेलं असेल, असं ठोक्याने सांगून पाहिलं. पण बाईंनी आधीच आत्याला फोन केला होता, आणि आत्या म्हणाली होती, आहे की, या.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो कॅमेऱ्यामागून पार्लरमध्ये शिरला. आत्या आज चारचौघांत आपली शोभा करणार, आणि तिने ती करावीच, असंही त्याला वाटत होतं. पण पियानो कुठे दिसेना. त्याच्या जागी चादरीने झाकलेलं काहीतरी होतं, त्यावर टॉवेलांच्या चळती आणि शाम्पूच्या बाटल्या. पुढ्यात आत्याचं कलप कालवायचं टेबल होतं, आणि त्यावर पट्ट्या काढलेल्या होत्या. काळ्या अगदी चकचकीत काळ्या.

"लहानपणी इथेच बसायचा," आत्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "पियानो कुठला आमच्याकडे."

चादरीखाली काय आहे, असं बाईंनी सहज विचारलं. जुनं कपाट, आत्या म्हणाली, भंगारवाला येतो येतो म्हणतो आणि येत नाही. ठोक्या त्या चादरीपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं. तो बोलला नाही. तो टेबलाशी बसला, डोळे मिटले आणि त्या मुक्या पट्ट्यांवर बोटं चालवली. डोळे उघडले तेव्हा बोटं काळी झाली होती. आत्याने पट्ट्या कलपाने रंगवल्या होत्या, आणि तो अजून ओला होता.

मंडळी गेल्यावर आत्याने त्याला बेसिनपाशी उभं केलं आणि कापसावर तेल घेऊन एकेक बोट चोळायला लागली. हे का केलंस, असं त्याने विचारलं.

"मग काय, लोकांसमोर तुला खोटा पाडू?" ती म्हणाली. "पहिल्यांदा पेपरात वाचलं तेव्हा मी गिऱ्हाइकांना सांगत होते, छापणाऱ्याची चूक आहे म्हणून."

ठोक्याला वर बघवेना. आज सगळ्यांसमोर खरं सांगतो, तो पुटपुटला.

"ते तुझं तू बघ. मला एकच सांग. लाज माझी वाटायची की दुकानाची?"

तो नळाकडे बघत म्हणाला, "दुकानाची."

"दुकान म्हणजे मीच की रे."

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. हात पुसायला तिने चळतीतला टॉवेल ओढला, तशी चादर घसरून पियानोचा एक कोपरा उघडा पडला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तरी आत्याने तो पुन्हा नीट झाकला.

संध्याकाळी त्याने वाजवलं मात्र झकास, ते मान्य करायलाच हवं. नखांच्या कडा काळ्याच राहिल्या होत्या, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर त्या त्याला सारख्या दिसत होत्या. शेवटी लोक उठून उभे राहिले. निवेदकाने टेबलाची गोष्ट रंगवून सांगितली आणि माईक त्याच्या हातात दिला. पहिल्या रांगेत आत्या बसली होती, स्वतःचे केस कधी नव्हे ते नीट बसवून. ठोक्याने श्वास घेतला. सभागृह गप्प झालं.

"धन्यवाद," तो म्हणाला, आणि माईक परत दिला.

मग तो खाली वाकला, दोन्ही हात पाठीमागे लपवून. लोकांना तो विनय वाटला, टाळ्या आणखी वाढल्या. आत्याही टाळ्या वाजवत होती, सगळे थांबेपर्यंत.