डाग सूर्यावर होता

चैत्रातल्या भर दुपारी माळवदावर चढून मी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं टक लावून पाहिलं. किती वेळ ते आठवत नाही, पण उतरताना शिडीच्या पायऱ्या दिसेनात एवढा वेळ. सोळा वर्षांची घोडी होते. ग्रहणसुद्धा परातीत शेणाचं पाणी घेऊन त्यात बघायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी शहाणी सूर्याशी डोळे लढवायला गेले! का, तर माझं खरं आहे हे मला पाहायचं होतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची एक-दोन वर्षं. आदल्या दिवशी पालमकडचे पाहुणे मला बघायला आले होते. त्यांच्या थोरल्या सुनेला लांबचं दिसत नाही, हे लग्नानंतर उघडं पडलं होतं. म्हणून या खेपेला मुलाचे वडील डोळ्यांची खात्री करूनच उठणार होते. सगळे ओसरीवर मावळतीला पाठ करून बसले. माझा सुईत दोरा ओवून झाला, तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "पोरी, त्या वेशीकडल्या लिंबावर काय दिसायलंय?"

कडुलिंबामागं सूर्य टेकला होता. धुरळ्यानं तांब्याच्या ताटलीसारखा झालेला, डोळ्यांना जराही न टोचणारा.

"दोन कावळे हायत," मी म्हणाले. तिथं थांबावं की नाही? पण मला हुशारी दाखवायची होती ना! "आन् मागं सूर्यावर काळा डाग हाय. तिळाएवढा."

मग मुलाची आई म्हणाली, "डोळ्यात फूल पडलंय जनू पोरीच्या."

"न्हाई वो, लय चांगले डोळे हायत तिचे," माझी आई कळवळली.

"मंग काय सूर्याला देवी आल्यात म्हनता?" मुलाचे वडील म्हणाले, आणि सगळी ओसरी हसली.

त्या बाईनं माझ्या पापण्या वर करून पाहिल्या, बाजारात बैलाचे दात बघतात तशा. तिथं नऊ माणसं होती. एकानं, फक्त एकानं मान वळवली असती तर काम झालं असतं. माझ्या डोळ्यात सगळ्यांनी पाहिलं, सूर्याकडं कुणीच नाही! आजही आठवलं की माझ्या हातातलं लाटणं थांबतं. आणि माझी अक्कल बघा. डाग माझ्या डोळ्यात असता तर तो कावळ्यांवर दिसला असता, पाहुण्यांच्या पागोट्यावर दिसला असता. एवढं एक वाक्य काही मला सुचलं नाही. शेळीसारखी मुंडी खाली घालून उभी राहिले.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले आणि सकाळी पाणवठ्यावर मी आंधळी झालेली होते. "आता हिला करनार कोन?" म्हणून आई चुलीपुढं डोळे पुसत बसली. तेव्हा मी तणतणत माळवदावर चढले. डाग तर दिसला नाहीच, वर डोळ्यात खराखुरा करडा ठिपका घेऊन खाली आले. ज्याच्याकडं बघावं त्याचं नाक गायब! कुणाला सांगणार? दोन आठवडे भाकरीचा मधला भाग मी चाचपून भाजला.

चौथ्या दिवशी उर्दू शाळेच्या मास्तरांनी कंदिलाच्या फुटक्या काचेला काजळी धरली आणि चावडीपुढं गर्दी झाली. डाग होताच. रोज थोडा सरकतही होता. गावातला प्रत्येक बाप्या डोळा लावून आला, माझे वडीलही. बायकांना कुणी बोलावलं नाही. जिनं तो आधी पाहिला तिलाही नाही. आता माझी नात पुस्तकातून वाचून दाखवते: तो डाग म्हणजे सूर्याचा भोवतालापेक्षा थंड भाग, म्हणून काळा दिसतो, सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून तो सरकतो, आणि असल्या एकेका डागात आपली अख्खी पृथ्वी मावते. पृथ्वी मावते! आणि यांना तो माझ्या बुबुळावर दिसला.

त्याच आठवड्यात मुलाचे वडील बाजाराला आले. त्यांनीही काचेतून पाहिलं आणि तसेच आमच्या दारात आले. मुलाची सुपारी त्यांनी दुसरीकडं फोडली होती, ते काही फिरणार नव्हतं. पण माझ्या वडिलांनी हात जोडले, "सोयरे, चार लोकांत एवढं सांगा, पोरीचे डोळे चांगले हायत म्हनून. न्हाईतर हिच्यासाठी दारात कुनी यायचं न्हाई."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. त्यांच्या मिशीच्या जागी मला नुसता करडा ठिपका दिसत होता. त्यांनी सावकाश पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं वळून म्हणाले, "व्हता बाई डाग, मी कुठं न्हाई म्हनतो? पन सोयऱ्याधायऱ्याम्होरं पोरीच्या जातीनं मान वर करून सूर्याकडं बघावं, हे तुला सांगितलं व्हतं कुनी?"